धुळ्याच्या बॉयलरसाठी कोळसा कोणता घ्यायचा, आणि जमिनीखालच्या गॅसची वाट पाहायची का?

माझा मावसभाऊ धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत सरकीच्या तेलाचा छोटा कारखाना उभा करतोय. ताशी दोन टन वाफेचा बॉयलर घ्यायचं नक्की झालंय. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, कोयसा कोनता लेवाना?" मी उत्तर द्यायच्या आतच त्याने पुढचं विचारलं. कोळसा आता खाणीतून काढायचीच गरज नाही, जमिनीखालीच त्याचा गॅस करून वर आणतात, असं त्याने कुठेतरी पाहिलं होतं. मग आत्ता कोळशाच्या बॉयलरमध्ये पैसे घालायचे की दोन-तीन वर्षं थांबून गॅसचाच घ्यायचा?

वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. वाफेची इंजिनं गेली तरी घरात कोळशाची भाषा राहिली. मी स्वतः तीस वर्षं तेलगिरण्यांच्या आणि स्टार्चच्या बॉयलर हाउसमध्ये काढली. त्यामुळे त्याच्या दोन्ही प्रश्नांवर मी बसून हिशोब मांडला. तो इथे देतोय, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हाच प्रश्न पडलेले बरेच जण मला भेटतात.

नावापेक्षा चार आकडे

व्यापारी कोळसा गावाच्या नावाने विकतो. चंद्रपूरचा, वणीचा, इंडोनेशियाचा, सुरतेकडचा. बॉयलरला गावाचं नाव कळत नाही. त्याला चार गोष्टी कळतात: किलोमागे उष्णता किती, राख किती, ओल किती आणि गंधक किती. पाचवी गोष्ट म्हणजे गाडीभाडं, ती तुमच्या खिशाला कळते.

हे चार आकडे का बदलतात ते कोळशाच्या जन्मात आहे. दलदलीत झाडं गाडली गेली की आधी पीट होतं. ते ओलं, तंतुमय असतं आणि आपल्या कामाचं नाही. त्यावर गाळाचं ओझं चढत गेलं, उष्णता मिळत गेली की लिग्नाइट होतो, म्हणजे तपकिरी कोळसा. आणखी दाब, आणखी काळ गेला की सब-बिट्युमिनस, मग बिट्युमिनस आणि शेवटी अँथ्रासाइट. या वाटेवर पाणी आणि वायू कमी होत जातात, कार्बन वाढत जातो. अँथ्रासाइटमध्ये कार्बन नव्वद टक्क्यांच्या वर जातो, तो जवळजवळ धुराविना जळतो, पण भारतात तो जम्मू भागात थोडासाच सापडतो. पाणी गाळायच्या टाक्यांमध्ये वाळूच्या वर काळे खडे घालतात, ते बरेचदा अँथ्रासाइटचे असतात. खानदेशात तुमची त्याच्याशी एवढीच ओळख होईल.

आपल्या महाराष्ट्रातला कोळसा बिट्युमिनस ते सब-बिट्युमिनस या गटात येतो. तो वर्धा खोऱ्यात, म्हणजे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यात आणि नागपूरजवळ कामठी, उमरेडला आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स तो काढते. हा गोंडवन काळातला कोळसा, पंचवीस कोटी वर्षांच्या पलीकडचा. नद्यांनी वाहून आणलेल्या गाळात तो तयार झाल्यामुळे त्याच्यात माती कणाकणात मिसळलेली आहे. राख तीस-पस्तीस टक्के निघते ती त्यामुळे. धुऊन ती सगळी जात नाही. वडील फावडं उचलून सांगायचे की या डब्यात दगड जास्त आहे, कारण दगडमिश्रित खडा तेवढ्याच आकाराच्या चांगल्या खड्यापेक्षा जड लागतो. तुमच्या फायरमनलाही हे जमायला हवं.

सरकारी प्रतवारी २०१२पासून थेट उष्मांकावर, म्हणजे किलोमागच्या उष्णतेवर आहे. जी-१ म्हणजे किलोला ७,००० किलोकॅलरीच्या वर, आणि पुढे दर ३०० किलोकॅलरीला एक पायरी खाली, अशा जी-१७पर्यंत पायऱ्या. जी-१० म्हणजे ४,३०१ ते ४,६००, जी-१२ म्हणजे ३,७०१ ते ४,०००. व्यापाऱ्याने ग्रेड सांगितला की हा आकडा डोळ्यांसमोर यायला हवा.

धुळ्यात मिळणाऱ्या चार गोष्टी

| | वर्धा खोरं | इंडोनेशिया | गुजरातचा लिग्नाइट | पऱ्हाटीचं ब्रिकेट |
|---|---|---|---|---|
| उष्मांक (किलोकॅलरी/किलो) | ३,७०० ते ५,००० | ३,४०० ते ५,००० | २,५०० ते ३,८०० | ३,५०० ते ४,००० |
| राख | ३० ते ४०% | बहुधा १०%च्या आत | १० ते २०%, खाणीनुसार | बहुधा १०%च्या आत |
| ओल | १०%च्या आसपास | २५ ते ४०% | ३० ते ४५% | १०%च्या आत |
| गंधक | कमी | कमी | जास्त, १% ते ४% | नगण्य |

चौथा रकाना पाहून कोणी म्हणेल, हा कुठे कोळसा? बाजारात त्याला व्हाइट कोल म्हणतात आणि खानदेशात तो आपल्याच शेतातला आहे. कपाशी उपटल्यावर राहणारी पऱ्हाटी बारीक करून, दाबून त्याच्या गोल कांड्या करतात. ज्याच्या दारात जिनिंग आणि सरकी आहे, त्याने हा रकाना सोडून तुलना केली तर ती अपुरी राहील.

आता रुपयांचं बोलू. पुढचे भाव मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या दिवशीचा भाव त्या जागी घाला, पण तो कारखान्याच्या दारात पोचलेला भाव असू द्या, भाडं आणि कर धरून.

समजा वर्ध्याकडचा ४,००० किलोकॅलरीचा कोळसा किलोला ७ रुपये पडतो. इंडोनेशियाचा ४,२००चा ८ रुपये ४० पैसे. लिग्नाइट ३,०००चा ४ रुपये ८० पैसे. ब्रिकेट ३,७००चं ७ रुपये ४० पैसे. हजार किलोकॅलरीमागे हे अनुक्रमे १.७५, २.००, १.६० आणि २.०० रुपये होतात. इथेच थांबलं तर लिग्नाइट जिंकतो. माझा भाऊ इथेच थांबला होता.

पण बॉयलरमध्ये टाकलेली सगळी उष्णता वाफेत जात नाही. साध्या तापमानाच्या पाण्यापासून एक टन वाफ करायला साधारण ६ लाख ३० हजार किलोकॅलरी लागतात. छोट्या बॉयलरची कार्यक्षमता वर्ध्याच्या कोळशावर ७० टक्के धरली, तर ९ लाख किलोकॅलरीचा कोळसा जाळावा लागतो, म्हणजे २२५ किलो, म्हणजे १,५७५ रुपये. लिग्नाइटमधलं पाणी आधी उकळून धुरांड्यातून बाहेर काढावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायलाच सहाशेच्या आसपास किलोकॅलरी खर्च होतात आणि ती वाफ तुमच्या कामाची नसते. म्हणून लिग्नाइटवर कार्यक्षमता ६५ टक्के धरू. मग ३२३ किलो लागतो, १,५५० रुपये. हजार किलोकॅलरीमागे पंधरा पैशांचा फरक होता, तो टनभर वाफेमागे पंचवीस रुपयांवर आला. इंडोनेशियाचा आणि ब्रिकेट ७२ टक्क्यांवर धरले तर दोन्ही १,७५० रुपयांच्या जवळ बसतात.

त्यात राखेचा हिशोब घाला. सोळा तास बॉयलर चालला तर ३२ टन वाफ होते. वर्ध्याचा कोळसा दिवसाला ७ टन २०० किलो लागेल आणि ३५ टक्क्यांनी अडीच टन राख निघेल. रोज एक ट्रॉली भरून कुठेतरी न्यायला हवी. इंडोनेशियाच्या कोळशाची राख अर्धा टन निघेल. दीपनगरच्या वीज केंद्राला राखेसाठी तलाव बांधता येतो, सिमेंट कारखान्यांशी करार करता येतो. तुमच्या पत्र्याच्या शेडमागे अडीच टन राख रोज साठू लागली की तिसऱ्या आठवड्यात शेजारचा गाळेवाला तक्रार करतो. वीटवाले आणि ब्लॉकवाले राख नेतात, पण त्यांना बारीक, नीट जळालेली राख हवी असते, खडे आणि अर्धवट जळालेला कोळसा नको असतो. कोळसा ठरवण्याआधी राख नेणारा ठरवा.

जिथे बहुतेक जण फसतात

इंडोनेशियाच्या कोळशाचा तपासणी अहवाल हातात आला की त्यावरचा आकडा कोणत्या अवस्थेतला आहे ते पाहा. "एडीबी" लिहिलं असेल तर तो हवेत वाळवलेल्या नमुन्याचा उष्मांक आहे. "एआरबी" किंवा "जीएआर" असेल तर ट्रकमध्ये जसा आला तशाचा. तुम्ही वजनकाट्यावर पैसे मोजता ते ओल्या कोळशाचे.

उदाहरण घ्या. अहवालात एडीबी ५,५००, त्या नमुन्यातली ओल १२ टक्के, आणि ट्रकमधल्या मालाची एकूण ओल ३० टक्के. मग खरा आकडा असा: ५,५०० गुणिले ७०, भागिले ८८. उत्तर ४,३७५. अकराशे किलोकॅलरी एका अक्षराच्या फरकात गेल्या. सौद्याच्या कागदावर एआरबीचा आकडा आणि एकूण ओलीची वरची मर्यादा लिहून घ्या. तोंडी ठरवलं तर पावसाळ्यात पहिलं भांडण होतं.

दुसरी जागा साठवणुकीची. लिग्नाइट आणि इंडोनेशियाचा कोळसा ढिगाऱ्यात आपोआप तापतो. हवा आत शिरते, कोळसा हळूहळू ऑक्सिजन घेतो, उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही आणि ढीग आतून पेटतो. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा हे दुप्पट जपावं लागतं. मी कामाला होतो त्या एका कारखान्यात मालकाने स्वस्त मिळाला म्हणून पावसाळ्यापर्यंतचा लिग्नाइट एप्रिलमध्येच भरून ठेवला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ढिगातून धूर निघाला. पाण्याचा टँकर ओतला, वरून विझल्यासारखं वाटलं, आत आग तशीच. शेवटी लोडर लावून सगळा ढीग मैदानावर पातळ पसरला, तेव्हा कुठे विझला. तेवढ्यात जो कोळसा गेला त्यात स्वस्तपणाचा सगळा फायदा गेला. हे दोन प्रकार घ्यायचे तर पंधरा दिवसांचा साठा पुरे. ढीग बुटका ठेवा, चेपून ठेवा आणि आधी आलेला आधी जाळा.

तिसरं, गंधक. धूर थंड होताना त्यातल्या गंधकाचं आम्ल बनून लोखंडावर बसतं. बॉयलरच्या शेवटच्या टोकाला, जिथे धुराची उरलेली उष्णता पाण्यासाठी वापरतात, तिथे नळ्या आणि चिमणीचा पत्रा आतून खाल्ला जातो. लिग्नाइटवर धूर फार थंड करायचा नाही, म्हणजेच उष्णता सोडून द्यायची. ब्रिकेटमध्ये गंधक नाही, पण पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश असतं. भट्टी फार तापवली की ती राख वितळून जाळीवर चिकटते आणि क्लिंकरचे गोळे होतात. फायरमनला जाळी वारंवार मोकळी करावी लागते.

बॉयलर नसलेल्यांसाठी थोडक्यात

लोखंड वितळवायची कपोला भट्टी चालवणाऱ्या फाउंड्रीवाल्याला यातलं काहीच चालणार नाही. त्याला हार्ड कोक हवा. कोकिंग कोळसा हवेशिवाय भाजला की तो मऊ होऊन पुन्हा घट्ट, सच्छिद्र, कडक बनतो. वर लोखंडाचं ओझं पडलं तरी त्याचा चुरा होत नाही. झरियाचा कोळसा या जातीचा आहे. वर्धा खोऱ्यातला भाजला तरी कोक होत नाही. कोक भाजताना निघणाऱ्या डांबरापासूनच पूर्वी कपाटातल्या डांबरगोळ्यांचं नॅफ्थलीन मिळायचं.

गिरणा-तापीकाठच्या वीटभट्टीवाल्याला चुरा चालतो आणि राख जास्त असली तरी फारसं बिघडत नाही. त्याने फक्त उष्मांकामागचा भाव पाहावा. लोहाराच्या भात्यासमोर मात्र कमी गंधकाचा, टिकाऊ खडा किंवा कोकच हवा. लिग्नाइटवर लोखंड नीट तापत नाही आणि गंधकाने ते ठिसूळ होतं.

"गॅस" म्हणजे नेमका कोणता?

भावाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. एकाच शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी फिरतात आणि त्यामुळे माणूस चुकीच्या गोष्टीची वाट पाहत बसतो.

एक, नळाने येणारा नैसर्गिक वायू. तो कोळशापासून होत नाही. दोन, कोळशाच्या थरात आधीपासून अडकलेला मिथेन. बोअर घेऊन, थरातलं पाणी उपसून तो बाहेर काढतात. त्यात कोळसा जळत नाही, जागेवर राहतो. बंगालमधल्या राणीगंजला तो निघतो. तीन, खणून आणलेल्या कोळशाचा कारखान्यात केलेला गॅस. ओडिशात तालचेरच्या खत प्रकल्पात त्यापासून युरिया करायची योजना आहे. केंद्राने २०३०पर्यंत दहा कोटी टन कोळशाचं वायूकरण करायचं ठरवलंय आणि जानेवारी २०२४मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. बातम्यांमध्ये मोठे आकडे येतात ते बहुतेक या तिसऱ्या प्रकाराचे असतात.

चौथा प्रकार म्हणजे भावाने पाहिलेला, भूमिगत वायूकरण. कल्पना जुनी आहे. विल्यम सीमेन्सने १८६८मध्ये आणि रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८८८मध्ये ती मांडली होती.

काम असं चालतं. खोल कोळशाच्या थरापर्यंत दोन बोअर घेतात आणि थरातूनच आडवी वाट करून ते जोडतात. एका बोअरमधून हवा किंवा ऑक्सिजन आणि वाफ आत सोडतात आणि कोळसा पेटवतात. पेटलेल्या टोकाला तापमान हजार अंशांच्या वर जातं. आधी कार्बन डायऑक्साइड होतो, तो पुढच्या तापलेल्या कोळशावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो. पाण्याची वाफ निखाऱ्याला भिडून हायड्रोजन देते. थोडा मिथेनही तयार होतो. हे मिश्रण दुसऱ्या बोअरने वर येतं. ज्यांनी गावात जुने प्रोड्युसर गॅसचे इंजिन पाहिलेत त्यांना ही रसायनं नवी नाहीत. फक्त भट्टीची भिंत इथे विटांची नसून खडकाची आहे.

बाजू चांगल्याही आहेत. माणूस खाली उतरत नाही. राख खालीच राहते, आणि अडीच टनांच्या ट्रॉलीचा हिशोब केल्यावर त्याची किंमत कळते. जो कोळसा इतका खोल किंवा इतका पातळ आहे की खणणं परवडत नाही, त्याचा उपयोग होऊ शकतो. झरियाच्या आगीशी याची गल्लत करू नका. तिथे १९१६पासून कोळसा बेबंद जळतोय. इथे हवा बंद केली की आग विझायला हवी, असा बेत असतो.

आता तोट्याकडे. हवा वापरून केलेल्या गॅसची उष्णता घनमीटरला ४ ते ५.५ मेगाज्यूल असते, नैसर्गिक वायूची ३७च्या आसपास. एवढा पातळ गॅस शेकडो किलोमीटर नळाने नेणं परवडत नाही. तो खाणीच्या तोंडाशीच वापरावा लागतो, वीज करायला किंवा खत-रसायनांना. उझबेकिस्तानमधल्या अँग्रेनला १९६१पासून असा गॅस तयार होतो आणि तो शेजारच्याच वीज केंद्रात जातो. धुळ्याच्या बॉयलरपर्यंत तो येण्यासाठी कोळसा धुळ्याखाली असायला हवा. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि तापीकाठी त्यावर गाळ. कोळशाची खाण खानदेशात एकही नाही.

सर्वांत जवळची जागा नवापूरच्या पलीकडे, सुरत जिल्ह्यातल्या मांगरोळ तालुक्यात वस्तानला आहे. तिथल्या लिग्नाइटवर भूमिगत वायूकरण करून पाहायचं ओएनजीसीने ठरवलं होतं. २००४मध्ये मॉस्कोच्या स्कोचिन्स्की खाण संस्थेशी करारही केला. पण गॅस काही वर आला नाही. केंद्राने २०१५मध्ये धोरण ठरवलं. झारखंडमधल्या जामताडा जिल्ह्यात कास्ता इथे देशातल्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पाचं बोअरचं काम सुरू व्हायला जून २०२४ उजाडला. करारापासून त्या बोअरपर्यंत वीस वर्षं गेली. बॉयलर घ्यायला निघालेल्या माणसाने वेळेचा अंदाज यावरून बांधावा.

पाण्याचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो

यावल-रावेरकडे ज्याने केळीसाठी बोअर घेतलाय, त्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. जमिनीखाली कोळसा जळताना बेंझीन, फेनॉल अशी विषारी द्रव्यं तयार होतात. पोकळीतला दाब भोवतालच्या भूजलाच्या दाबापेक्षा कमी ठेवला तर पाणी आत येतं आणि घाण आत राहते. दाब जास्त झाला तर गॅस आणि घाण बाहेर, खडकातल्या भेगांतून पाण्यात जाते. सगळी सुरक्षितता त्या एका दाबावर उभी आहे, आणि तो दाब वरून, शेकडो मीटरवरून सांभाळायचा असतो. शिवाय कोळसा जळून पोकळी झाली की वरचा खडक बसतो आणि नव्या भेगा पडतात.

अमेरिकेत वायोमिंगमधल्या हो क्रीकला १९७०च्या दशकातल्या प्रयोगांत भूजलात बेंझीन मिसळलं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये चिंचिला इथे लिंक एनर्जीचा प्रकल्प १९९९ ते २०१३ चालला. गॅस जमिनीत पसरला. २०१५मध्ये सुमारे तीनशे चौरस किलोमीटरमधल्या शेतकऱ्यांना दोन मीटरपेक्षा खोल खणू नका असं सांगायची वेळ सरकारवर आली. २०१६मध्ये त्या राज्याने ही पद्धतच बंद केली आणि २०१८मध्ये न्यायालयाने कंपनीला ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. स्कॉटलंडनेही २०१६मध्ये नकार दिला. दोन मीटर म्हणजे आपल्याकडे विहिरीचा काठही बांधून होत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जिथे गाळात मुरतं आणि त्यावर तालुकेच्या तालुके जगतात, तशा कोणत्याही जागेखाली हा प्रयोग झाला तर मी विरोधात उभा राहीन. खोल, घट्ट छताच्या, पाण्याच्या थरापासून दूर असलेल्या थरात तो जरूर करून पाहावा. त्यासाठी आधी काही वर्षं भोवतालच्या विहिरींचं पाणी तपासून ते आकडे गावासमोर लावावेत. कास्ताच्या बाबतीत मला हेच पाहायचंय.

मधला पर्याय म्हणून कोणी स्वतःच्या कारखान्यात छोटा कोळसा-गॅसिफायर बसवायला सांगेल. गुजरातेत मोरबीच्या टाइल कारखान्यांनी ते शेकड्याने बसवले होते. त्यातून निघणारं डांबर आणि फेनॉलचं पाणी बाहेर जाऊ लागलं, आणि मार्च २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते बंद करायला लावले. शिवाय त्या गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद शेडमध्ये गळती झाली तर माणूस जातो. दोन टनांच्या बॉयलरसाठी हा उद्योग करू नये.

नळाच्या गॅसची गोष्ट वेगळी. तुमच्या वसाहतीत तो पोचला असेल तर हिशोब सोपा आहे. घनमीटरला ९,००० किलोकॅलरी आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरली की टनभर वाफेला ८२ घनमीटर लागतात. वरच्या उदाहरणातल्या वर्ध्याच्या कोळशाशी बरोबरी व्हायला घनमीटर १९ रुपयांना मिळायला हवा, इंडोनेशियाच्या कोळशाशी व्हायला २१ला. राख नाही, ढीग नाही, रात्रपाळीला एक माणूस कमी, यासाठी मी वर आणखी तीन-चार रुपये आनंदाने देईन. त्याच्या पुढे तुमचा तुम्ही विचार करा.

भावाने काय ठरवलं

थांबायचं नाही असं ठरलं. बॉयलर आडव्या जाळीचा, खडा कोळसा आणि ब्रिकेट दोन्ही हाताने टाकता येईल असा घेतोय. पुढे नळाचा गॅस आला तर बर्नर बसवायला समोर जागा सोडायला सांगितलीय. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीच्या अर्जात दोन्ही इंधनं आत्ताच लिहिलीत, नाहीतर इंधन बदलताना संमतीपत्र पुन्हा दुरुस्त करून घ्यावं लागतं. डिसेंबर ते एप्रिल पऱ्हाटी स्वस्त असते तेव्हा ब्रिकेट जास्त, पावसाळ्यात वर्ध्याचा खडा जास्त, कारण ब्रिकेटवर पावसाचं पाणी पडलं की त्याचा भुसा होतो. लिग्नाइट तूर्तास नाही. टनामागे पंचवीस रुपयांसाठी मेमधला ढीग आणि चिमणीचा पत्रा त्याला नको वाटला, आणि मलाही.

वर्ध्याकडची पहिली गाडी पुढच्या आठवड्यात येईल. वजनकाट्यावरून ती आत आली की वरून, मधून आणि तळातून असा तीन जागांचा नमुना घ्यायचा, खडा आणि चुरा दोन्ही. फोडून, मिसळून त्याचे चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे. ते पुन्हा मिसळून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत लगेच बांधायचे, म्हणजे ओल उडणार नाही. एक पिशवी प्रयोगशाळेला, दुसरी तारीख आणि गाडी नंबर लिहून, ड्रायव्हरची सही घेऊन ऑफिसच्या कपाटात. अहवालात एआरबीचा आकडा मागायचा. तो आल्याशिवाय दुसऱ्या गाडीची ऑर्डर द्यायची नाही, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.